मागासपणाची तालीम

७ फेब्रुवारी

पटवारी भरतीचा निकाल लागला. नापास. ही चौथी खेप. दोनशेपैकी मला एक्काहत्तर पडले आणि खुल्या गटाची यादी एकशे अडतीसवर बंद झाली. म्हणजे थोडक्यात हुकलं.

कारण उघड आहे. माझ्यासारख्या गुणी मुलांच्या जागा राखीववाले घेऊन जातात. आमच्या मोडासरीतच बघा ना, गावाबाहेरच्या मेघवाल वस्तीतल्या खेमारामचा मुलगा मागच्या वर्षी पटवारी होऊन बसला. हे मी जेवताना बोललो, तर केसर चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणते, "भाया, त्याला एकशे चव्वेचाळीस होते. खुल्या यादीतसुद्धा बसत होता तो." मी म्हटलं, तुला कुणी विचारलं? भाकरी करपतेय तिकडे लक्ष दे.

केसर माझी धाकटी बहीण. बारावीला तालुक्यात पहिली आली होती, मग बापूंनी घरी बसवली. मला सरावाचे प्रश्न तीच वाचून दाखवते. पण तिला एक वाईट खोड आहे. मी विचार करत असतो तेवढ्यात ही पीठ मळता मळता उत्तर सांगून मोकळी होते, त्याने माझी एकाग्रता मोडते. यंदा तर म्हणत होती, माझाही अर्ज भरा. बापू म्हणाले, घरात एकाने अभ्यास केला की पुरे.

खरी चिंता वेगळीच आहे. पुढच्या भरतीला वय पहिल्या जुलैला मोजणार, आणि तेव्हा मी खुल्या गटाच्या मर्यादेपेक्षा अकरा दिवसांनी मोठा होतो. अकरा दिवस! जन्मायची एवढी काय घाई होती मला, देव जाणे.

११ फेब्रुवारी

ताऊजींनी बिरादरीची बैठक बोलावली. ताऊजी म्हणजे बापूंचे थोरले भाऊ हुकमारामजी, माजी सरपंच. घरी जीप, दोन ट्रॅक्टर, अकरा म्हशी, आणि मिशा अशा की बोलायच्या आधी त्या बाजूला कराव्या लागतात.

ताऊजी म्हणाले, "आरक्षण हटवा हटवा म्हणून दहा वर्षं घसा फोडला. हटलं का? नाही. मग आता आपणच आत शिरू." आपली बिरादरी मागास आहे असा अर्ज वरती गेलाय आणि मागासवर्ग आयोगाची बाई मार्चमध्ये पाहणीला येणार आहे. मागास ठरलो तर नोकरीत जागा राखीव, आणि वयात पाच वर्षांची सूट.

पाच वर्षं! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणजे आणखी पाच वेळा परीक्षा देता येईल.

मला पाहणी समितीचा चिटणीस नेमलं. गावात सगळ्यात शिकलेला आणि सगळ्यात रिकामा मीच आहे, असं ताऊजी म्हणाले. घरी येऊन मी माळ्यावरची जुनी पाटी काढली. जिल्ह्याच्या मोर्चात मीच धरली होती ती, 'गुणवत्ता वाचवा' लिहिलेली. ती उलटी करून मागच्या बाजूला 'आम्हीही मागास' असं रंगवलं. लाकूड चांगलं आहे, वाया कशाला घालवा?

१९ फेब्रुवारी

पाहणीचा तक्ता हाती आला. पाच बाबी, प्रत्येकीला दहा गुण. लोक तुम्हाला हलकं लेखतात का, अंगमेहनतीवर पोट आहे का, घर कच्चं आहे का, पाणी लांबून आणावं लागतं का, आणि शेवटी बायकांचं काहीतरी आहे. पन्नासात पंचवीस मिळाले की आपण मागास.

एक नमुन्याचं घर गावाने दाखवायचं आहे. त्यावरून बैठकीत जुंपली. ताऊजी म्हणाले, "या गावात पहिला साफा आमच्या घराला बांधतात. मागासपणातही पहिला नंबर आमचाच राहील." पलीकडच्या आळीचे लोक उठले, "सरपंची तुम्हाला, देवळाचा मान तुम्हाला, आता मागासपणही तुम्हालाच? आम्ही काय कमी मागास आहोत?" काठ्यांपर्यंत गेलं.

मग मी तोडगा काढला. भांडण कशाला, परीक्षाच घेऊ. गुणवत्तेने जो ठरेल तो. मी तक्ता घेऊन घरोघर फिरलो आणि सगळ्यांना अगदी निःपक्षपाती गुण दिले. धापूकाकी पहिली आली. विधवा बाई, आमच्याच बिरादरीची, झोपडीला एक भिंत नाही, दुसऱ्यांच्या शेतात खुरपते. पन्नासात सेहेचाळीस! ताऊजींना तीन मिळाले, तेही त्यांचा गुडघा दुखतो म्हणून मी दिले.

यादी वाचून दाखवली. मग ताऊजी म्हणाले, "धापूकडे बाईला बसवणार कुठे?" हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. शिवाय धापूकाकीला चार लोकांत बोलायची सवय नाही. नुसत्या गुणांनी भागत नाही, घराणं आणि अनुभवसुद्धा बघावा लागतो. सर्वानुमते ताऊजींची निवड झाली.

केसरला हे सांगितलं तर ती ओढणी तोंडात कोंबून हसत सुटली. "भाया, पाटी पुन्हा उलटी कर." काय हसण्यासारखं होतं कोण जाणे.

२६ फेब्रुवारी

आज तालमीचा पहिला दिवस. आमच्यापैकी कुणालाच मागास कसं दिसायचं ते ठाऊक नाही, म्हणून शिकवायला खेमारामला बोलावलं. साठीचा माणूस, हाडाचा खट्याळ.

ताऊजी खाटेवर बसले होते, खेमाराम नेहमीसारखा खाली धुळीत. ताऊजी म्हणाले, "हं, खेमिया, शिकव."

खेमाराम म्हणाला, "सरपंचसाब, अशी कशी तालीम होईल? तुम्ही वर, मी खाली. आधी जागा बदला."

ताऊजींचा चेहरा तांबडालाल. मी कानात म्हटलं, ताऊजी, पाच वर्षांचा प्रश्न आहे. मग ते दोघांच्या आधाराने खाली उतरले आणि खेमाराम खाटेवर चढून बसला. बसला तोही कडेकडेने, जणू खाट चावेल. पण थोड्या वेळाने मांडी घातली.

"आता तालमीपुरतं मला जी लावा," खेमाराम म्हणाला.

"खेमारामजी," ताऊजी म्हणाले.

"छाती आत. नजर जमिनीवर. मिशा खाली."

"मिशा खाली होणार नाहीत."

"मग नोकऱ्या होणार नाहीत." खेमारामने ताऊजींना पायतण हातात घेऊन अंगणातून चालायला लावलं. "आता मी तुम्हाला नाव घेऊन हाक मारीन, हुकमिया म्हणून, आणि तुम्ही हसत हसत यायचं."

"हसत कशाला?"

"तेच तर शिकायचंय, सरपंचसाब. मला चाळीस वर्षं लागली."

तिसऱ्या हाकेला ताऊजींनी खरंच काठी उचलली, म्हणून तालीम आवरती घेतली. जाताना खेमाराम मला म्हणाला, "गिरधारीबाबू, नुसती नोकरीच घेणार, की तिच्याबरोबर आमच्याकडे असतं ते बाकीचं पण घेणार?" बाकीचं म्हणजे त्याला काय म्हणायचं होतं ते कळलं नाही. शिष्यवृत्ती असेल. मी म्हटलं, मिळेल ते सगळं घेऊ.

४ मार्च

फाटकं धोतर. घरात एकही नाही. तालुक्याहून नवं आणून मीच फाडलं. दुपारी बघतो तर ताईजींनी, म्हणजे ताऊजींच्या बायकोने, ते उसवलेलं समजून छान शिवून ठेवलेलं. पुन्हा फाडलं.

८ मार्च

उद्या पाहणी. जीप कडब्याच्या गंजीत घातली, फक्त आरसा बाहेर राहतो, त्यावर सुगरणीचं घरटं अडकवलं. म्हशी ताईजींच्या माहेरी रवाना. घराच्या दर्शनी भिंतीला शेणमाती फासली. गच्चीवरच्या कूलरवर गोवऱ्या रचल्या. नळ झाकला, त्याच्यावर तुळस ठेवली.

बायकांच्या बाबीचं काय, असं मी विचारलं. ताऊजी म्हणाले, "बायकांना कोण विचारतंय?" ते बरोबरच आहे. तेवढा वेळही नव्हता.

केसरने पुन्हा अर्जाचं काढलं. मी म्हटलं, अगं इथे सगळ्या बिरादरीचं भवितव्य टांगणीला लागलंय, आणि तुला तुझंच पडलंय!

९ मार्च

सगळं लिहून ठेवतो.

आयोगाची बाई दहाला आली. सरकारी गाडी, चष्मा, हातात फाइल. ताऊजींनी दारातच नाव विचारलं. "सुशीला बैरवा." राखीववाल्यांचं आडनाव ऐकल्यावर ताऊजींनी ताईजींकडे पाहिलं आणि ताईजी आत गेल्या. चहा आला तो दांडा तुटलेल्या कपात, तोसुद्धा जमिनीवर ठेवला. आम्ही सगळे स्टीलच्या पेल्यांत पीत होतो. मी मनात म्हटलं, वा ताईजी, गरिबी दाखवायचं काय डोकं चालवलंय! बाईंनी कपाकडे बघितलं, प्यायल्या नाहीत, फाइलीत काहीतरी लिहिलं. आमचे गुण चढायला लागले असं मला वाटलं.

पहिला प्रश्न. "दुसरे लोक तुमच्या हातचं पाणी पितात का? कुणी नाकारतं?"

याचं उत्तर पंधरा दिवस घोकलं होतं. 'सगळे नाकारतात, बाईसाहेब, आम्ही फार दुःखी आहोत.' ताऊजींनी तोंड उघडलं, छाती आत घेतली, आणि त्यांचा ताबाच सुटला. "आमच्या हातचं नाकारतंय कोण? हिंमत आहे कुणाची? अहो, आम्हीच कुणाच्या हातचं पीत नाही!"

बाई लिहीत होत्या. मी खाकरलो. ताऊजींना आणखी जोर चढला. वंशावळ काढली. आमच्या खापरपणजोबांनी राजाला घोडा उसना दिला होता, ते सांगितलं. राजाने परत केला नाही, तेही सांगितलं.

"अंगमेहनत?"

"आमच्या सात पिढ्यांत कुणी टोपली उचललेली नाही, बाईसाहेब."

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा बाई समोरच्या झोपडीकडे बोट दाखवत होत्या. "ते घर कुणाचं?"

ताऊजींना लाजच वाटली. बिरादरीतल्या माणसाची झोपडी परक्या बाईने बघावी! म्हणाले, "तो गोठा आहे. आमच्यात कुणी गरीब नसतं." नेमकी तेव्हाच गोठ्यातून धापूकाकी बाहेर आली आणि राम राम म्हणाली.

इथवरही सावरता आलं असतं. पण बारा वाजले आणि बाईंनी गाडीतून आपला डबा आणवला. झालं! दारात आलेला पाहुणा स्वतःचा डबा खाणार म्हणजे नाक कापल्यासारखंच. ताऊजी ओरडले, "तूप आणा!" ताईजी कळशी घेऊन धावल्या. बाई नको नको म्हणत असताना त्यांनी हातभर उंचावरून, डब्याला जराही न लागू देता, अशी धार सोडली की बाईंच्या पोळ्या बुडाल्या आणि एक थेंब बाहेर सांडला नाही. काय तो नेम! मग केर-सांगरीची भाजी, चुरमा, खीर, सगळं तसंच वरून. शेवटी ताऊजींनी गंजीतून जीप काढायला सांगितली, बाईंना वेशीपर्यंत पोचवायला. सरकारी गाडी उभी होती तरी.

निघायच्या आधी बायकांच्या बाबीला बाई आत माजघरात गेल्या. अर्धा तास लागला. एवढं काय विचारायचं असतं! मी दाराशी उभा होतो. मदतीला आलेल्या केसरला बाईंनी विचारलं, "तू काय करतेस?"

केसर म्हणाली, "भायाचा अभ्यास."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि तुझा?" केसरने उत्तर दिलं नाही, आणि तिला तर कुठलंही उत्तर आल्याशिवाय राहत नाही. ती माझ्याकडे बघत होती. मला का कोण जाणे, म्हशी आल्या का ते बघायला जावंसं वाटलं.

१० मार्च

ताऊजी खूश आहेत. म्हणतात, बाईवर छाप पडली. तेच तर झालंय ना.

२८ एप्रिल

आयोगाचा लखोटा आला. पिंपळाच्या पारावर सगळी बिरादरी जमली. मी वाचायला लागलो.

लोक हलकं लेखतात का, दहापैकी शून्य. खाली शेरा होता, 'उलट दिशेने पूर्ण गुण देण्याची सोय तक्त्यात नाही.' याचा अर्थ कुणालाच लागला नाही. अंगमेहनत, शून्य. घर, शून्य. धापूकाकीच्या एकट्या झोपडीपुरते गुण देता येत नाहीत म्हणे. पाणी, शून्य, तुळशीखालून नळ गळत होता.

गेली, पाच वर्षं गेली. मग शेवटची ओळ वाचली आणि उडालोच.

"बायका! दहापैकी दहा!"

पूर्ण गुण! तालीम नाही, तयारी नाही, काही नाही, तरी दहापैकी दहा! शेराही मोठा होता. 'या बिरादरीतील स्त्रिया अत्यंत मागास ठेवल्या गेल्या आहेत. लग्ने लवकर, शिक्षण बंद, हुशार मुली घरी.' मी आनंदाने ताऊजींकडे बघितलं. म्हटलं, ताऊजी, हे धरून अपील करता येईल. एका बाबीत तरी आपण अव्वल आहोत.

ताऊजी उभे राहिले. मिशा थरथरत होत्या.

"आमच्या बायका मागास?"

"हो, ताऊजी, पूर्ण—"

"कोण म्हणतं? त्या बाईची ही मजाल! माझ्या घरचं तूप खाऊन माझ्या घरच्या लेकीबाळींना मागास म्हणते?"

मी समजावलं, ताऊजी, आपण तीन महिने हेच तर मागतोय. पण ऐकायला कुणी तयार नव्हतं. सगळा पार खवळला. काठ्या आपटायला लागले. आमच्या मुली कुणापेक्षा कमी नाहीत! आणा कुठली परीक्षा आणता! दाखवून देऊ आयोगाला! ताऊजींनी चहूकडे नजर फिरवली. "कोण आहे शिकलेली? बारावी कुणाची झालीय?"

मागून खेमाराम म्हणाला, "केसरबाई तालुक्यात पहिली आली होती, सरपंचसाब." पारावर सगळ्यांसमोर तो असा आपणहून कधी बोलत नाही. पण त्या गोंधळात त्याला कुणी गप्प केलं नाही.

"पटवारीचा अर्ज निघालाय का?" ताऊजींनी मला विचारलं.

"निघालाय," मी म्हटलं. "पण ताऊजी, तिचा भरला तर हे दहा गुण पण जातील."

"खड्ड्यात गेले गुण! इज्जतीचा सवाल आहे. उद्या भर."

बापू काहीतरी म्हणणार होते, पण थोरल्या भावापुढे त्यांचं तोंड उघडत नाही. हातात आलेले दहा गुण ताऊजींनी डोळ्यांदेखत फेकून दिले, आणि मी काही करू शकलो नाही. रडावंसं वाटलं. खरं सांगायचं तर घरी येऊन रडलोच. केसरने पाणी आणून दिलं आणि शेजारी बसली. तिलाही रडू येत होतं, पण तिचं वेगळं असावं.

२ मे

तिचा अर्ज मीच नेऊन दिला. खिडकीतल्या माणसाने विचारलं, उमेदवार कुठाय? मी म्हटलं, मी भाऊ आहे. एवढी वर्षं त्या खिडकीशी मी स्वतःचं नाव सांगत आलोय, त्यामुळे जीभ अडखळली.

२१ मे

आता सरावाचे प्रश्न मी वाचतो आणि केसर सांगते. एकाग्रता मोडू नये म्हणून मी मध्ये काही बोलत नाही. बोलण्यासारखं येतही नाही. माँ भाकऱ्या करते, परवा तर मी पीठ मळलं. फार घट्ट झालं.

१६ जून

परीक्षा. ताऊजींनी जीप दिली, बोनेटवर हार घातला आणि वेशीत नारळ फोडला. तालुक्याच्या शाळेच्या फाटकाशी शिपाई म्हणाला, उमेदवारांनाच आत सोडतो. चार वेळा याच फाटकातून मी आत गेलो होतो. आज केसर गेली. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता म्हणून माझ्या चपला घालून गेली, आणि मी तिच्या घेऊन कडुनिंबाखाली बसलो.

बसल्या बसल्या वाटलं, देवाकडे काय मागावं? ती नापास झाली तर मी एकटा पडणार नाही. पास झाली तर लोक काय म्हणतील, बहिणीला जमलं याला जमलं नाही. दोन्ही मनात आलं, खोटं कशाला लिहू. पण तीन तास ऊन डोक्यावर घेऊन बसलो आणि शेवटी तोंडातून निघालं ते एकच, की बाबा, हिचं होऊ दे. घरी बसून फार दिवस झाले तिला.

घंटा झाली. मुलं बाहेर यायला लागली. मला ते चेहरे पाठ आहेत, मीही असाच यायचो. पेपर फार अवघड होता, मुद्दाम तसा काढतात, आपल्यासारख्यांना पाडायला, असं आम्ही सगळे इथेच, याच कडुनिंबाखाली बोलायचो.

केसर आली. माझ्या चपला पायात मोठ्या होत होत्या म्हणून फरफटत चालत होती. मी उठून विचारलं, "कसा होता पेपर?"

ती म्हणाली, "सोपा होता, भाया."

चार वेळा दिला मी हा पेपर. सोपा असतो हे मला एकदाही कुणी सांगितलं नाही.